थोड्या उन्हाचे घर

नॉर्वेतील र्‍यूकान हे गाव खोल दरीत वसलेले आहे. सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत तेथे ऊन पोहोचत नाही. २०१३ साली डोंगरावर मोठे आरसे बसवून उन्हाचा कवडसा गावच्या चौकात उतरवण्यात आला. चौक उजळला, पण चौक उजळल्याने घरे तापत नाहीत. मग जेथे ऊनच तुटपुंजे, तेथे उन्हाच्या भरवशावर घर बांधावे काय? याचा विचार आपण करू.

अशा घराची कामे तीन : ऊन आत घेणे, त्याची ऊब साठवणे आणि ती राखणे. उत्तर गोलार्धात हिवाळ्याचा सूर्य दक्षिणेस कलतो, म्हणून मोठ्या खिडक्या दक्षिणेकडे ठेवतात. आतली दगडविटांची जमीन व भिंती दिवसा तापतात आणि रात्री ती ऊब परत देतात. पण समोर टेकडी किंवा उंच इमारत असली तर? पन्नास अक्षांशावर २२ डिसेंबरच्या भर दुपारीही सूर्य क्षितिजाच्या वर अवघा साडेसोळा अंश असतो. तेव्हा १० फुटी भिंतीची सावली सुमारे ३४ फूट लांब पडते!

अशा जागी पुष्कळ जण काच वाढवतात. आमच्या मते चूक होते ती येथेच. काचेतून दिवसा ऊन आत येते, पण रात्रभर ऊब बाहेर जाते. जमा थोडी आणि खर्च मोठा, अशी ही गत. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा प्रपंचाचा नियम येथेही लागू आहे. मिळकत वाढत नसेल, तर गळती थांबवावी.

गळती थांबवण्याचा पहिला उपाय घराच्या आकारातच आहे. ४० फूट बाय १० फुटांच्या घराला १०० फूट लांबीच्या बाह्य भिंती लागतात. तेवढ्याच जागेच्या २० फुटी चौरस घराला ८० फूट पुरतात. दुसरा उपाय म्हणजे भिंतीत व छपरात उष्णतारोधकाचा जाड थर, खिडक्यांना तिहेरी काच आणि फटी बुजवणे. बंद घरात जीव गुदमरू नये म्हणून ताजी हवा खेळती ठेवावी लागतेच. मात्र बाहेर जाणारी हवा आपली ऊब आत येणाऱ्या हवेला देऊन जाईल, अशी योजना करता येते.

जर्मनीतील डार्मस्टाट येथे १९९१ साली पदार्थवैज्ञानिक वोल्फगांग फाइस्ट यांच्या पुढाकाराने याच तत्त्वांवर चार जोडघरे उभी राहिली. तेथे एक चौरस मीटर जागा वर्षभर उबदार ठेवण्यास सुमारे १० युनिट, म्हणजे साधारण एक लिटर तेलाइतकी उष्णता पुरते. बाकीची भर थोडे ऊन, स्वयंपाक आणि माणसांच्या अंगची ऊब घालते.

म्हणून नकाशा काढण्याआधी डिसेंबरातला एक दिवस त्या जागेवर काढावा आणि सावली कोठून कोठे सरकते ते पाहावे. जेथे दोन तास ऊन टिकते, तेथे बैठकीची खोली व तिची खिडकी. जेथे टिकत नाही, तेथे कोठीघर आणि जिना. ऊन किती मिळावे हे आपल्या हाती नाही. मिळालेले किती राखावे, हे मात्र आहे.