देहूजवळून दिल्ली: अंतर आणि वेळ

देहूपासून सरळ रेषेत वीस-बावीस किलोमीटरवर असलेला लोहगाव विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ आहे. त्याला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचे नाव देण्याच्या प्रस्तावास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. देहूकरांच्या दृष्टीने याहून उचित नाव नाही.

लोहगाव ते दिल्ली हे पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले किमान अंतर सुमारे १,१५५ किलोमीटर आहे. ताशी ८०० किलोमीटर वेगाने ते दीड तासाच्या आतच कापले जाईल. वेळापत्रकात मात्र दोन ते सव्वादोन तास असतात, कारण त्यात धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढाई, ठरलेल्या हवाई मार्गांची वळणे, उतरण्याची प्रतीक्षा आणि थांब्यापर्यंतचा प्रवासही धरलेला असतो. देहूजवळच्या चाकणहून विमानतळाकडे निघणाऱ्याने रस्त्यावरील कोंडीचा वेळ वेगळा राखावा.