बोरिवलीच्या डोंगरातलं प्राचीन गाव: कान्हेरी

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीला गेला नसाल, तर या हिवाळ्यात नक्की जा! बेसॉल्टच्या डोंगरात कोरलेली शंभराहून अधिक लेणी इथे आहेत. इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षं इथे बौद्ध भिक्खूंची वस्ती होती.

हे चुकवू नका:

🔸 लेणे क्र. ३: भव्य चैत्यगृह. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना सुमारे ७ मीटर उंचीच्या उभ्या बुद्धमूर्ती.

🔸 लेणे क्र. ११: मोठं सभागृह, मधोमध दगडात कोरलेले लांबलचक बाक.

🔸 लेणे क्र. ४१: अकरा मुखांचा अवलोकितेश्वर. भारतात फार दुर्मीळ!

🔸 लेणे क्र. ९०: इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी प्रवाशांचे पहलवी लेख.

पाण्याची व्यवस्था तर मुद्दाम पाहा. डोंगरउतारावरचं पावसाचं पाणी खडकात खोदलेल्या पन्हळींतून लेण्यांजवळच्या टाक्यांत, म्हणजे पोढ्यांत साठायचं. ही टाकी खोदायला पैसा कुठून आला? ब्राह्मी शिलालेख वाचा: दात्यांमध्ये कल्याण आणि सोपाऱ्याचे व्यापारीही आहेत.

सोमवारी लेणी बंद असतात. सकाळी लवकर निघा, पाणी सोबत ठेवा, भिंतींवर काहीही लिहू नका. आपला वारसा आपणच जपायचा!