अँप नव्हे, आधी स्पीकर बदला

इलेक्ट्रिक गिटार संगणकाला जोडायची, अँपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर उघडायचं, गेन वाढवायचा आणि पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी अडकल्यासारखा आवाज ऐकून हिरमुसायचं, हा अनुभव बहुतेक नवशिक्यांना येतो. मग ते एकामागून एक अँप बदलत बसतात. पण दोष सहसा अँपचा नसतो, स्पीकरच्या नकलेचा असतो.

घरातला चांगला हाय-फाय स्पीकर २०,००० हर्ट्‌झपर्यंत वाजतो. गिटारचा १२ इंची स्पीकर ५,००० हर्ट्‌झच्या आसपासच मान टाकतो. ही उणीवच त्याचा गुण ठरते, कारण डिस्टॉर्शनमधून निघणारे वरचे कर्कश स्वरांश त्याचा कागदी पडदा गिळून टाकतो. सॉफ्टवेअरमध्ये हे काम ‘इम्पल्स रिस्पॉन्स’ नावाची छोटीशी फाइल करते. खऱ्या कॅबिनेटमधून खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा स्वर वाजवतात, समोरच्या माइकने तो टिपतात आणि त्यावरून एका क्षणिक टिचकीला तो स्पीकर कसा प्रतिसाद देईल ते गणिताने काढतात. संगणक आवाज नमुन्यांच्या, म्हणजे क्षणाक्षणाच्या मोजमापांच्या, रूपात साठवतो; अँपच्या नकलेतून बाहेर पडलेल्या तुमच्या गिटारच्या प्रत्येक नमुन्यावर हाच प्रतिसाद चढवला जातो. माइक स्पीकरच्या मध्यापासून कडेकडे इंचभर सरकला तरी टोनची धार बोथट होते, इतका हा मामला नाजूक आहे.

अँपची नक्कल त्याहून अवघड. अँपमधला व्हॉल्व्ह लहरींचे माथे छाटतो आणि त्यातून नवे स्वरांश जन्मतात. सेकंदाला ४८,००० नमुने घेणाऱ्या यंत्रणेत २४,००० हर्ट्‌झच्या वरचे स्वरांश मावत नाहीत. ते खाली दुमडून बेसूर होऊन परततात. म्हणून चांगली सॉफ्टवेअर आतल्या आत कैक पट जास्त नमुन्यांवर हिशेब करतात. ‘न्यूरल अँप मॉडेलर’ हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर तर खऱ्या अँपमध्ये गेलेला आणि बाहेर आलेला आवाज ताडून न्यूरल नेटवर्कला शिकवतं.

गिटार मात्र तिला संगणकाशी जोडणाऱ्या ऑडिओ इंटरफेसच्या ‘इन्स्ट्रुमेंट’ इनपुटलाच लावा. साध्या लाइन इनपुटचा कमी रोध पिकअपवर भार टाकतो आणि टोन मेणचट होतो. तार छेडल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंतच्या विलंबाचा बाऊ करू नका. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या यंत्रणेत १२८ नमुन्यांचा बफर, म्हणजे एका वेळी हाताळायचा गठ्ठा, सुमारे पावणेतीन मिलिसेकंदांचा असतो, आणि मीटरभर अंतरावरच्या अँपचा आवाजही कानाशी यायला जवळपास तेवढाच वेळ घेतो. इंटरफेसमध्ये आणखी थोडा वेळ जातो, इतकंच.

दोन इम्पल्स रिस्पॉन्स फाइलींची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. मोठा आवाज कानाला उगीचच सरस वाटतो.