चार हातांतून फिरणारी चिलीम

शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात मातीचं काम म्हटलं की आज वीटभट्टी डोळ्यांसमोर येते. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबं बिऱ्हाड उचलून भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी पाड्यावर परततात. त्यांनी थापलेल्या विटा ठाणे-मुंबईच्या बाजूला जातात. माती आणि विस्तव यांच्याच मेळातून निघणारी एक लहानशी वस्तू मात्र हातांतून निसटत चालली आहे. ती म्हणजे चिलीम. वीतभरही लांब नसलेली ही नळी शेतकऱ्याच्या, गुराख्याच्या, बैराग्याच्या हाती असायची. तिच्या घडणीत किती विचार आहे, ते सांगण्यासाठी हा लेख.

तंबाखू मुळात आपला नव्हे. पोर्तुगीजांच्या जहाजांतून तो अमेरिकेहून इकडे आला आणि दख्खनेत लवकर रुजला. अकबराचा दूत असद बेग सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरहून परतला, तेव्हा बादशहाला दाखवायला त्याने तंबाखू आणि रत्नजडित हुक्का नेला होता. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली, पण तोवर त्याची चटक लागून गेली होती. हुक्क्याच्या डोक्यावर मातीची जी वाटी असते तिलाही चिलीमच म्हणतात. पाण्याचं भांडं, लांब नळी, नक्षी हा सारा डोलारा वगळला की राहते ती गरिबाच्या मुठीतली चिलीम.

तिची माती मडक्याच्या मातीसारखीच भिजवून, तुडवून, मळून तयार होते. आत बारीकसा खडा किंवा हवेचा बुडबुडा राहिला तर भाजताना तडा जातो, म्हणून मळणं हेच निम्मं काम. कुंभार चाकावर मोठा गोळा बसवतो आणि त्याच्या शेंड्यातून एकामागून एक चिलमी काढतो. ओल्या बोटांच्या चिमटीत माती चढत जाते. पोकळी वर रुंद, खाली निमुळती होते. मग दोऱ्याने ती गोळ्यावरून कापायची आणि सावलीत सुकवायची. उन्हाची घाई केली की तडकते. भट्टीत हवा खेळती राहिली तर लाल निघते, धूर कोंडला तर काळी.

दिसायला हा साधा शंकू, पण त्याची प्रत्येक रेघ कशासाठी तरी आहे. तोंड पसरट, कारण तंबाखूवर निखारा ठेवायचा असतो आणि तो घरंगळता कामा नये. भिंत पातळ असली तर बोटं पोळतात. फार जाड असली तर ती आतपर्यंत नीट सुकत नाही आणि भाजताना फुटते. सगळ्यांत नाजूक हिशेब आतल्या उताराचा. तिथे एक खडा टाकतात आणि तो पाचरीसारखा अडकून बसतो. तंबाखू वर थांबतो, धूर खाली येतो. खडा गुळगुळीत गोल असला तर वाट बुजते. म्हणून थोडे कंगोरे असलेला निवडायचा, म्हणजे बाजूच्या फटींतून धूर निघतो. उतार चुकला तर खडा एक तर खाली निसटतो, नाही तर वरच राहून तंबाखूची जागा खातो. मोजपट्टी न लावता हा उतार कुंभाराच्या बोटाला कळतो.

खालच्या टोकाला ओल्या फडक्याची घडी गुंडाळतात. ती छापी. तिच्यामुळे धूर थोडा निवतो, राख अडते आणि बोटांमधली फट बंद होते. चिलीम उभी धरून, दोन्ही हातांची पोकळ मूठ करून झुरका घ्यायचा. ओठ लागतात ते आपल्याच मुठीला, चिलमीला नाही.

युरोपातल्या ब्रायरच्या पाइपशी तुलना केली की या मुठीचं मोल कळतं. भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या बुंध्याशी, मुळांच्या वर, कठीण गाठ वाढते. ती कापून उकळतात, महिनोन्‌महिने सुकवतात आणि मग कोरतात. फ्रान्समधलं सेंट क्लोद हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून त्यासाठी नावाजलं. तंबाखूच्या खळग्याच्या नेमक्या तळाशी धुराचं भोक येऊन मिळालं पाहिजे, ही त्या कारागिराची परीक्षा. काम अप्रतिम, पण तो पाइप एकाच्याच दातांत राहतो. आपल्या कुंभाराने घडवलेली नळी चार हातांतून फिरते.

हे फिरणं आपल्या संतचरित्रांतही आहे. गोविंद रघुनाथ दाभोलकरांच्या साईसच्चरितात घोडी हरवलेल्या चांद पाटलाला साईबाबा चिलीम ओढायला बोलावतात. विस्तव नाही, पाणी नाही. बाबा जमिनीतून दोन्ही काढतात, छापी भिजते आणि चिलीम पाटलाच्या हाती जाते. शेगावच्या गजानन महाराजांच्या कथेत जानकीराम सोनार चिलमीसाठी विस्तव नाकारतो. कथा चमत्काराच्या असल्या तरी त्यांतला व्यवहार रोजचा आहे: निखारा मागावा, शेजाऱ्याने द्यावा.

तंबाखूची बाजू मी घेणार नाही. त्याने कर्करोग होतो, आणि घोळक्यात दाटीवाटीने बसून ओढलेल्या चिलमीबरोबर क्षयही पसरू शकतो. चिलीम मागे पडली याचं दुःख नाही. तिच्याबरोबर बोटांमधला तो उतारही विसरला जाईल, याचं मात्र आहे.

कारण कुंभार चिलीम कधीच पुरी करून देत नसे. तो फक्त नळी द्यायचा. खडा बांधावरचा, छापी जुन्या धोतराची, निखारा शेजारच्या चुलीतला. एवढं जमलं की मगच ती चिलीम व्हायची, आणि तोवर ओढणारेही चारजण जमलेले असायचे.