चाकाखालचं लिंबू

दसऱ्याच्या दिवशी शोरूमच्या दारात गाडीला झेंडूचा हार घातला. सासूबाईंनी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. मी गाडी जरा पुढे घेतली, लिंबं चिरडली गेली. "गेली गं इडापिडा!" सासूबाई म्हणाल्या.

ती गेली नव्हती. बॉनेटखाली जाऊन बसली होती.

ही गोष्ट २०२१ सालची. आम्ही निगडीला राहतो. आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये गाडी हा नुसता हौसेचा विषय नाही, तो भाकरीचा विषय आहे. साठच्या दशकात पिंपरीत टेल्को आली, आकुर्डीत बजाजच्या स्कूटर बनू लागल्या, पुढे चाकणला बजाज, मर्सिडीज, फोक्सवॅगन, महिंद्र असे कारखाने एकामागून एक उभे राहिले. त्यांना सुटे भाग पुरवणारी भोसरीतली लहान लहान वर्कशॉप्स तर विचारूच नका. आमचे हे अशाच एका वर्कशॉपमध्ये गेली सत्तावीस वर्षं माल तपासायचं काम करतात. गंमत अशी, की गाड्यांचे भाग तपासणाऱ्या ह्या माणसाला गाडी मात्र चालवता येत नाही. चालवते मी! बेचाळिसाव्या वर्षी शिकले. गाडी माझ्या नावावर, कर्ज माझ्या पगारातून.

मी शाळेत शिकवते. माहेर नारायणगावचं. आईच्या गुडघ्यांच्या दुखण्यामुळे दर पंधरा दिवसांनी तिकडे चक्कर असते. गाडी निवडली लेकानं. "आई, टर्बो घे. दिसायला छोटी, पण पळायला घोडा!" घोडा पळायचाही झकास. नाशिक रस्त्यावर ट्रकला ओलांडताना पाय जरा दाबला की सुर्रकन पुढे. खोटं कशाला बोलू, मलाही मजा यायची.

पहिला पावसाळा संपता संपता चाकणच्या तळेगाव चौकात काट्यानं वर उडी मारली. इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला आणि घोड्याचं गाढव झालं. अॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी हलेना. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. शेजारी आई घाबरून रामनाम घेतेय. कशीबशी गाडी कडेला घेतली, टोईंगवाल्याला बोलावलं.

सर्व्हिस सेंटरमध्ये तिथला मुलगा माझ्याशी बोलेचना! तक्रार मी सांगतेय आणि तो उत्तर देतोय ह्यांना. "सर, मॅडम फर्स्ट गिअरमध्ये जास्त वेळ चालवत असतील. चाकणचं ट्रॅफिक, गाडी तापणारच." ह्यांनी शांतपणे सांगितलं, "मला गिअरमधलं काही कळत नाही. त्यांनाच विचारा." मग त्यानं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, भरून दिलं आणि पावतीवर लिहिलं, 'कूलंट टॉपअप. ओके.'

चार महिन्यांनी पुन्हा तेच. ह्या वेळी एक नळी बदलली. 'टॉपअप. ओके.' पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा. ह्या वेळी सेन्सर बदलला. 'टॉपअप. ओके.' दरवेळी एकच उत्तर, "मॅडम, बाहेर कुठे गळती नाही. गाडीत काहीच प्रॉब्लेम नाही." हळूहळू मलाच वाटायला लागलं, की खरंच आपलं काही चुकतंय का? शेजारच्या काकू तर म्हणाल्याच, "बायकांच्या हातात कशाला एवढी जोरकस गाडी?" मी नारायणगावला एस.टी.नं जायला लागले. हप्ते मात्र चालूच होते.

चौथ्या वेळी पांढरा धूर निघाला. इंजिन उघडल्यावर कळलं, की हेड गॅस्केट गेलं आहे. हे गॅस्केट म्हणजे काय? तर आपल्या कुकरची रिंग! इंजिनाचं भांडं आणि वरचं झाकण ह्यांच्यामध्ये ती बसते. कुकरची रिंग खराब असेल तर कितीही पाणी घाला, वाफ जाणारच. माझ्या गाडीचं पाणी बाहेर गळतच नव्हतं, ते आतल्या आत जळत होतं. आणि ही मंडळी दोन वर्षं नुसतं पाणी घालत होती!

त्यावर सर्व्हिस सेंटरचं म्हणणं काय, तर "इंजिन तापलेलं असतानाही तुम्ही गाडी चालवली, म्हणून गॅस्केट गेलं. हे वॉरंटीत बसत नाही." अंदाजे खर्च लाखाच्या पुढे. वॉरंटी तीन वर्षांची, त्यातले तीनच महिने उरलेले.

त्या रात्री घरात चांगलीच वादावादी झाली. मी म्हटलं, "मी तक्रार करणार." हे गप्प. मग म्हणाले, "अगं, आपलं पोट ह्याच धंद्यावर आहे. लोक काय म्हणतील?" मला राग आला. म्हटलं, "अहो, तुमच्याकडे एखादा भाग केसभर कमी-जास्त निघाला तर काय करता?" "रिजेक्ट करतो." "पुन्हा तसाच आला तर?" "पुन्हा पुन्हा 'का' विचारतो. मूळ सापडेपर्यंत सगळं कागदावर येतं." हे बोलले आणि स्वतःच थांबले. उठून माझ्या त्या तीन पावत्या घेऊन आले, टेबलावर ओळीनं मांडल्या. म्हणाले, "कूलंट म्हणजे काही पेट्रोल नव्हे, रोज संपायला. गळती नाही म्हणतात आणि तीनदा भरतात. मग ते गेलं कुठे? अगं, हाच पुरावा आहे!"

ज्या 'ओके'नं मला दोन वर्षं गप्प बसवलं होतं, तोच 'ओके' आता माझा साक्षीदार झाला.

आम्ही दोघांनी बसून पत्र लिहिलं. कुठेही आदळआपट नाही, शिव्याशाप नाहीत. तारीख, किलोमीटर, काय झालं, तुम्ही काय केलंत, पुन्हा कधी झालं. शेवटी एकच प्रश्न : पहिल्या तक्रारीच्या वेळी इंजिनातला दाब तपासला होता का? तपासला असेल तर त्याचा कागद द्या. हे पत्र डीलरला आणि कंपनीला, दोघांनाही ई-मेलनं आणि रजिस्टर पोस्टानं पाठवलं.

मधल्या काळात मी कायदा वाचून काढला. वाचल्यावर काही भ्रम गळाले आणि थोडं बळही आलं.

भ्रम पहिला, 'गाडी खराब निघाली तर नवी मिळते.' तसं सरसकट होत नाही. २००६ साली मारुतीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलून देण्याची हमी असेल, तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. भ्रम दुसरा, 'डीलर आणि कंपनी एकच.' गोव्यातल्या एका ग्राहकाला २०११ च्या मॉडेलऐवजी २००९ ची गाडी मिळाली होती. तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे २०२१ मध्ये असा निकाल लागला, की कंपनीला माहीत होतं असं सिद्ध झाल्याशिवाय डीलरच्या चुकीसाठी टाटा मोटर्सला जबाबदार धरता येणार नाही. म्हणून पत्र दोघांनाही पाठवायचं आणि कोणाची चूक काय, ते वेगवेगळं मांडायचं.

आणि बळ कशानं आलं? २००४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या एका खटल्यात ह्याच न्यायालयानं कंपनीला खडसावलं होतं. सदोष गाडी नवी कोरी म्हणून विकणं लाजिरवाणं आहे आणि दोष मान्य करायचा सोडून भांडत बसणं खेदाचं आहे, असा त्याचा आशय होता.

एक मजेची गोष्टही वाचली. आपण गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतो, अमेरिकेत पुन्हा पुन्हा बिघडणाऱ्या नव्या गाडीलाच 'लिंबू' म्हणतात! तिथल्या कनेटिकट राज्यानं १९८२ मध्ये पहिला 'लेमन लॉ' केला. ठरावीक प्रयत्नांत गाडी दुरुस्त झाली नाही, तर कंपनीनं ती बदलून द्यायची किंवा पैसे परत करायचे. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा आहे, आणि ग्राहक चळवळीशी पुण्याचं जुनं नातं आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यातच ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. त्यानंतर बारा वर्षांनी, २४ डिसेंबर १९८६ ला देशाचा पहिला ग्राहक संरक्षण कायदा झाला. म्हणून तर २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन!

ह्यांच्या मनातली 'आपल्याच पोटावर पाय' ही भीती घालवायला मी त्यांना इंडिकाची आठवण करून दिली. पिंपरीत बनणारी इंडिका १९९८ च्या अखेरीस आली, तेव्हा केवढं कौतुक झालं होतं. पण सुरुवातीच्या ग्राहकांच्या तक्रारीही भरपूर आल्या. कंपनीनं सुधारणा केल्या, २००१ मध्ये 'व्ही टू' आणली आणि ती रस्तोरस्ती दिसायला लागली. ग्राहक बोलले म्हणूनच गाडी सुधारली ना? मग तक्रार करणं म्हणजे कारखान्याशी वैर कसं?

पत्राला बारा दिवसांनी उत्तर आलं. कंपनीचा इंजिनिअर आला. ह्या वेळी तो माझ्याशी बोलला. पावत्या बघून म्हणाला, "मॅडम, पहिल्याच वेळी तपासायला हवं होतं." गॅस्केट आणि बाकीचं सगळं काम वॉरंटीत झालं, आणि त्या कामाची वेगळी एक वर्षाची हमी मी लिहून घेतली. टोईंगचे, रिक्षाचे, बुडालेल्या रजांचे पैसे काही मिळाले नाहीत. त्यासाठी आयोगाकडे जाता आलं असतं. मी गेले नाही, थकले होते. ही माझी उणीवच म्हणायची. गाडी मात्र आता नीट चालते आहे.

मैत्रिणींनो, तुमच्याकडे टर्बो गाडी नसेल, स्कूटी असेल, फ्रिज असेल, नाहीतर शिलाई मशीन. वाट तीच आहे. दुकानात तक्रार सांगितलीत, की ती तुमच्या शब्दांत जॉबकार्डवर लिहून घ्या. 'जनरल चेकअप' असं लिहू देऊ नका. काम फुकट झालं तरी कागदाची प्रत मागा. दिवा लागला, आवाज आला, तर मोबाइलवर चित्रण करून ठेवा. वॉरंटी संपायच्या आत एक तरी लेखी पत्र गेलंच पाहिजे. आणि लाल दिवा लागला तर गाडी तिथेच थांबवा, नाहीतर दोष आपल्यावर येतो.

पत्रानं भागलं नाही तर १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या नव्या कायद्यानं मोठी सोय झाली. गाडी पुण्यात घेतली आणि तुम्ही राहता परभणीला, तरी तक्रार परभणीत करता येते. घेतलेल्या वस्तूची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडेच चालतं. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी काहीच नाही. १० ते २० लाखांच्या गाडीला ४०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असं नाही. दोष नुसत्या डोळ्यांना कळण्यासारखा नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करायला हवा. आणि निकालाच्या तारखा लांबतात, तेवढा धीर हवा.

आणखी एक. डब्याच्या व्यवसायासाठी किंवा शाळेच्या मुलांची ने-आण करायला गाडी घेतली असेल, तर समोरचा म्हणेल, 'ही व्यापारी खरेदी, तुम्ही ग्राहकच नाही.' घाबरू नका. स्वतः राबून स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल, तर कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो.

परवा भाची नवी स्कूटर घेऊन पाया पडायला आली होती. सासूबाईंनी सवयीनं दोन लिंबं काढली. मी तिच्या हातात एक दोनशे पानी वही दिली. पहिल्या पानावर गाडीचा नंबर, घेतल्याची तारीख आणि वॉरंटी संपायची तारीख लिहून. सासूबाई वहीकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "लिंबू ठेवायचं की नाही मग?"

म्हटलं, "ठेवा की! पण वहीसुद्धा ठेवूया."