दहा मिनिटांचं रिकामपण

‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण आपण रिकाम्या बसलेल्या माणसाला टोचायला वापरतो. पण तिच्यातला न्हावी नीट पाहिला, तर तो रिकामा बसलेलाच नाही. गिऱ्हाईक नाही, हाताला काम नाही, तर घटकाभर त्याच भिंतीला पाठ टेकून बसावं, हे त्याला जमत नाही. म्हणून रोग्याचं दूषित रक्त काढायची तुंबडी तो भिंतीला लावत सुटतो. कामातून सुटलेली दहा मिनिटं आज आपणही अशीच घालवतो. एका हातात चहा, दुसऱ्या हातात फोन, अंगठा पडद्यावर सरकत राहतो, आणि चहा संपल्याचं कप रिकामा लागल्यावरच कळतं. याला आपण विश्रांती म्हणतो. स्मृती आणि मेंदू यांवर गेल्या सव्वाशे वर्षांत झालेलं काम वाचलं, की मात्र ठामपणे म्हणावंसं वाटतं: विश्रांतीचा गुण ती किती लांब आहे यावर कमी, आणि ती किती रिकामी आहे यावर जास्त अवलंबून असतो.

या शोधाची सुरुवात जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठात झाली. तिथे गेऑर्ग एलियास म्युलर आणि त्यांचा विद्यार्थी आल्फोन्स पिल्झेकर यांनी काही माणसांना निरर्थक अक्षरांच्या जोड्या पाठ करायला दिल्या. एका गटाला पहिली यादी संपताच दुसरी यादी दिली. दुसऱ्या गटाला मध्ये सहा मिनिटं मोकळी सोडली. दीड तासानंतर विचारलं, तेव्हा मोकळीक मिळालेल्यांना पहिल्या यादीतलं जवळजवळ निम्मं आठवत होतं. न मिळालेल्यांना 28 टक्के. 1900 साली छापलेल्या या प्रयोगातून त्यांनी काढलेला निष्कर्ष आजही टिकून आहे. शिकलेली गोष्ट लगेच पक्की होत नाही. ओल्या सिमेंटसारखी ती काही काळ कच्ची असते, आणि तेवढ्यात तिच्यावरून दुसरं काही गेलं तर तिचा आकार बिघडतो. पुढे शतकभर विसाव्याच्या या बाजूकडे फारसं कुणी वळलं नाही. मग सर्जिओ देला साला आणि नेल्सन कोवन यांनी मेंदूला इजा होऊन स्मरण खचलेल्या रुग्णांवर हीच कल्पना तपासली. गोष्ट ऐकवल्यावर या रुग्णांना दुसऱ्या कामाला लावलं, तर तासाभराने त्यातल्या काहींना जेमतेम 7 टक्के भाग सांगता येई. तोच तास अंधाऱ्या, शांत खोलीत नुसतं पडून काढला, तेव्हा त्यांना 79 टक्के सांगता आला. ज्यांच्या स्मृतीची आशाच सोडलेली होती, त्यांच्यात हा फरक दिसला. कसलंही औषध दिलेलं नव्हतं. फक्त मधली वर्दळ थांबवली होती. 2012 मध्ये मायकेला डिवार आणि सहकाऱ्यांनी 61 ते 87 वयाच्या निरोगी माणसांना दोन छोट्या गोष्टी ऐकवल्या. एकीनंतर दहा मिनिटं डोळे मिटून स्वस्थ बसायचं, दुसरीनंतर दोन चित्रांतले फरक ओळखायचा खेळ खेळायचा. जिच्यानंतर स्वस्थता मिळाली ती गोष्ट सात दिवसांनीही अधिक नीट आठवत होती. हे प्रयोग इतरांनी पुन्हा केले तेव्हा परिणाम दर वेळी इतका ठळक दिसला नाही, तरुणांत तर काही वेळा दिसलाच नाही. पण सगळ्यांचा हिशेब एकत्र मांडला तर पारडं विसाव्याच्याच बाजूला झुकतं.

त्या दहा मिनिटांत आत काय चालतं, हे सर्वांत स्वच्छ दिसलं ते उंदरांत. आपण कुठे आहोत हे नोंदवणाऱ्या पेशी मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात असतात. जॉन ओकीफ यांनी त्या 1971 मध्ये दाखवल्या आणि 2014 च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. लांबट पट्टीवरून उंदीर धावतो तेव्हा या पेशी ठरावीक क्रमाने पेटतात, रस्त्यावरचे दिवे एकामागून एक लागावेत तशा. 2006 साली डेव्हिड फॉस्टर आणि मॅथ्यू विल्सन यांनी उंदीर धावत असताना नव्हे, तर पट्टीच्या टोकाशी थांबल्यावर काय होतं ते पाहिलं. उंदीर खाऊ खातो, पुढच्या पायांनी मिशा साफ करतो, क्षणभर निश्चल राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो काहीच करत नसतो. नेमक्या त्याच क्षणी त्याच पेशी पुन्हा पेटत होत्या, उलट्या क्रमाने आणि कितीतरी पट वेगाने. आत्ताच तुडवलेली वाट मेंदू शेवटापासून सुरुवातीकडे पुन्हा चालत होता. ही निव्वळ पडसादासारखी गोष्ट असेल, तिचा शिकण्याशी संबंध कशावरून, अशी शंका येईल. तिचं उत्तर 2012 मध्ये मिळालं. शंतनू जाधव, लॉरेन फ्रँक आणि सहकाऱ्यांनी जाग्या उंदरांत या उजळणीच्या वेळी उठणाऱ्या लहरी सूक्ष्म विद्युत्स्पंदनाने मोडून टाकल्या. बाकी काहीच बदललं नव्हतं, तरी ज्या चक्रव्यूहात आधीची वाट लक्षात ठेवून पुढची निवडावी लागे, तिथे ते उंदीर मागे पडले. थांबणं हा शिकण्याचाच भाग होता. तो काढून घेतल्यावर शिकणं अडखळलं.

माणसाच्या मेंदूचा हिशेबही हेच सांगतो. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे 2 टक्के, पण बसल्या जागी खर्च होणाऱ्या ऊर्जेतला जवळजवळ 20 टक्के वाटा तो घेतो. आपण अवघड गणित सोडवायला घेतलं की हा खर्च खूप वाढत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात वाढ बहुधा 5 टक्क्यांच्याही आत असते. म्हणजे आपण ज्याला ‘काही न करणं’ म्हणतो, त्या वेळीही भट्टी जवळजवळ तितकीच धगधगत असते. अमेरिकेत सेंट लुईसच्या मार्कस रेचल यांनी 2001 मध्ये यापुढचं पाऊल टाकलं. काम सुरू झालं की मेंदूचे काही भाग शांत होतात आणि काम थांबलं की तेच एकत्र जागे होतात, हे त्यांनी मांडलं. जुन्या आठवणी, उद्याचे बेत, दुसऱ्याच्या मनात काय असेल याचे अंदाज, हे सगळं याच जाळ्यात चालतं. घरातली माणसं कामाला गेल्यावर आवराआवर व्हावी, तसं हे काम आहे. पण आवराआवर करायला घर मोकळं मिळावं लागतं.

म्हणूनच फोनचा मुद्दा किरकोळ नाही. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात 414 विद्यार्थ्यांना उलटसुलट केलेल्या अक्षरांतून शब्द ओळखायचं काम दिलं आणि मध्येच वेगवेगळ्या प्रकारची सुट्टी दिली. सुट्टीत ज्यांनी फोन हाताळला, त्यांना उरलेल्या कामाला 19 टक्के जास्त वेळ लागला आणि त्यांचे शब्द 22 टक्क्यांनी कमी सुटले. सुट्टीच न घेतलेल्यांइतकीच जवळपास त्यांची अवस्था होती. सुट्टीतला तोच उद्योग कागदावर किंवा संगणकावर करणाऱ्यांत एवढी झीज दिसली नाही. डोळे, लक्ष, निर्णय हे सगळं फोनमध्ये कामासारखंच राबतं. पुढचं चित्र पाहायचं की सोडायचं, हा प्रश्न तो दर दोन सेकंदांना विचारत असतो. हात कामातून सुटलेले असतात, मेंदू नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की नुसतं बसणं माणसाला सहनच होत नाही. त्याला पुरावाही आहे. व्हर्जिनिया विद्यापीठात टिमोथी विल्सन यांनी 2014 मध्ये लोकांना 15 मिनिटं एका खोलीत विचारांसोबत एकटं बसवलं आणि हाताशी विजेचा झटका देणारं बटण ठेवलं. हा झटका टाळायला आम्ही पैसेही देऊ, असं आधी सांगणाऱ्या 18 पुरुषांपैकी 12 जणांनी आणि 24 स्त्रियांपैकी 6 जणींनी तो स्वतःला देऊन पाहिला. म्हणीतला न्हावी इथे प्रयोगशाळेत भेटतो. पण यावरून रिकामपण मुळातच नकोसं असतं असं ठरवणं घाईचं होईल. 2022 मध्ये आया हातानो आणि कोउ मुरायामा यांच्या गटाने लोकांना आधी विचारलं, की काहीही न करता बसणं तुम्हाला कितपत आवडेल, आणि मग खरोखर बसवलं. लोकांचा अंदाज दर वेळी प्रत्यक्ष अनुभवापेक्षा वाईट निघाला. रिकामं बसणं आपल्याला वाटतं तितकं जड जात नाही. आपण तिथवर पोचतच नाही, दारातूनच परत फिरतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मन मोकळं सोडलं की ते चिंतेकडे धावतं. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी 2010 मध्ये 2,250 माणसांना दिवसभरात अवचित गाठून विचारलं, तेव्हा 46.9 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि अशा वेळी माणसं कमी सुखी होती. हे मी टाळणार नाही. ज्याचं मन आधीच दुःखाभोवती फिरतं आहे, त्याला अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून बस म्हणणं चुकीचं ठरेल. साध्या सुखांचं मोल नेमकं इथे कळतं. मिशिगनच्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने लक्ष वेधण्याचे दोन प्रकार सांगितले. चौकातला हॉर्न लक्ष हिसकावून घेतो. पागोळ्यांतून पडणारं पाणी, वाऱ्यावर हलणारी नारळाची झावळी, चुलीवर उकळणाऱ्या दुधाची साय लक्षाला नुसती टेकायला जागा देतात. डोळ्यांना गुंतवण्याइतकं काहीतरी असतं, मनाला जखडण्याइतकं नसतं. 2008 मध्ये याच विद्यापीठातल्या मार्क बर्मन यांनी लोकांना एकदा झाडांच्या बागेतून आणि एकदा गजबजलेल्या रस्त्यातून जवळजवळ तासभर चालायला लावलं. बागेतून आल्यावर त्यांना उलट क्रमाने आकडे म्हणणं स्पष्टपणे चांगलं जमलं, रस्त्यातून आल्यावर तसा फरक पडला नाही. यातली सर्वांत बोलकी नोंद अशी, की ज्यांना कडाक्याच्या थंडीत चालावं लागलं आणि चालण्याची मजा आली नाही, त्यांनाही हा फायदा मिळाला. मेंदूचा थकवा उतरायला माणूस खूश असायलाच हवा असं नाही.

मग एकदाच मोठी सुट्टी काढून सगळी कसर का भरू नये? जेसिका द ब्लूम यांनी नेदरलँड्समधल्या नोकरदारांच्या सरासरी 23 दिवसांच्या सुट्ट्यांचा पाठपुरावा केला. तब्येत आणि मन यांचा चढ आठव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत वर पोचला आणि कामावर परतल्यावर पहिल्या आठवड्यातच पूर्वीच्या जागी आला. सुट्टीवर जाऊ नये असा याचा अर्थ नाही. पण विसावा साठवून ठेवता येत नाही. तो रोज थोडा लागतो.

आणि शेवटचा आक्षेप: हे सगळं खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचं बोलणं आहे. ज्याच्या मागे मुकादम उभा आहे त्याने विसावा कुठून आणायचा? मला हा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इतिहास उलटी बाजू दाखवतो. मुंबईच्या गिरण्यांत साप्ताहिक सुट्टी मागितली ती सुखवस्तूंनी नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून गिरणीकामगारांना संघटित करून ती मागणी लावून धरली, आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. मालकांना भीती होती ती कापड कमी निघण्याची. ती भीती कितपत खरी असते याचं मोजमाप पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांत झालं. तिथल्या नोंदी 2014 मध्ये जॉन पेन्कॅव्हल यांनी पुन्हा तपासल्या. आठवड्याला सुमारे 49 तासांपर्यंत कामाच्या तासांबरोबर उत्पादन वाढत होतं. त्यापुढे प्रत्येक तासाची कमाई घसरत गेली, आणि 70 तासांत निघालेला माल 56 तासांतल्या मालापेक्षा फारसा वेगळा नव्हता. चौदा तासांचे कष्ट जवळजवळ वाया जात होते, आणि कामगारांची शरीरं तेवढी झिजत होती.

केरळात कापडाच्या मोठ्या दुकानांतल्या विक्रेत्या मुली बारा-बारा तास उभ्या राहत. गिऱ्हाईक नसलं तरी टेकायला परवानगी नव्हती. बसलं तर पगारातून पैसे कापले जात, लघवीला जाणंही नजरेखाली. त्यांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं आणि 2018 मध्ये केरळने दुकान कायद्यात बसण्याचा हक्क लिहिला. 2021 मध्ये तामिळनाडूने तसाच कायदा केला. मागणी एका स्टुलाची होती. साड्यांच्या कपाटाला लागून, गल्ल्याच्या मागे, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात टेकता येईल असं एक स्टूल, आणि तिथे बसलेल्या मुलीला काही न करण्याची मुभा.