उताराची गति आणि ब्रेकची चकती

दापोलीचें पठार समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० फूट उंच आहे. आणि केळशी अगदीं समुद्राला लागून, भारजा नदीच्या मुखाशीं वसलेली आहे. तेव्हां दापोलीहून केळशीस सायकलीनें येणाऱ्यानें कोणतीही वाट धरली, तरी ही उंची त्याला कोठें तरी सोडावीच लागते. आंजर्ले, आडे, केळशी असा किनाऱ्याच्या बाजूनें येणारा रस्ता तर डोंगराच्या सोंडांवरून पुनःपुन्हां चढतो व उतरतो. चढतांना पायांची परीक्षा होते आणि उतरतांना ब्रेकची. पहिल्या परीक्षेंत नापास झालेला मनुष्य खालीं उतरून सायकल हातीं धरून चालूं लागतो. दुसऱ्या परीक्षेंत ही सवलत नाहीं.

या उताराचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. स्वार, सायकल व सामान मिळून ९० किलोग्रॅम वजन धरलें, तर २४० मीटर खालीं येतांना जी ऊर्जा मोकळी होते, तिनें एक लिटर पाणी ३० अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापेल. यांतील कांहीं भाग वारा खातो, कांहीं टायरांचें घर्षण खातें. परंतु वळणावळणाच्या रस्त्यावर गति आवरून चालावें लागत असल्यानें उरलेला मोठा वांटा ब्रेकच्या माथीं येतो. डोंगरी सायकलीच्या प्रत्येक चाकास पोलादाची एक पातळ, भोकें पाडलेली चकती असते. आकारानें ती चहाच्या बशीएवढी आणि वजनानें शंभर ग्रॅमहून थोडी अधिक. दोन चकत्यांवर पडणारी ही सारी उष्णता त्यांतच सांठून राहती, तर त्या लोहाराच्या भट्टींतील लोखंडाप्रमाणें लाल झाल्या असत्या. तसें होत नाहीं, कारण फिरती चकती आपली उष्णता वाऱ्याला सतत देत असते. चकती निवडतांना मुख्य प्रश्न हाच कीं, ती उष्णता घेते किती आणि टाकते किती.

उष्णतेचें हें संकट डोंगरी सायकलीच्या जन्माइतकेंच जुनें आहे. १९७६ सालीं अमेरिकेंत, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन परगण्यांतील एका मातीच्या उतारावर कांहीं तरुण जुन्या, जड सायकली घेऊन शर्यती लावूं लागले. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यांतच असे. एका उतारांतच तो इतका तापे कीं, आंतील ग्रीस जळून धूर होई आणि पुन्हां उतरण्यापूर्वीं तुंबा उघडून त्यांत नवें ग्रीस भरावें लागे. या ‘पुन्हां भरण्या’वरूनच त्या उताराला ‘रीपॅक’ हें नांव पडलें. चकतीच्या ब्रेकची कल्पना मात्र त्याहून पुष्कळ जुनी. लँचेस्टर या इंग्रज यंत्रज्ञानें १९०२ सालींच मोटारीकरितां तिचें पेटंट घेतलें होतें. सायकलीपर्यंत पोंचावयास तिला बराच काळ लागला. कोंकणच्या दृष्टीनें तिचा मोठा गुण हा कीं, धांवेवर रबर दाबणारा जुना ब्रेक पावसांत धांव भिजली कीं घसरूं लागतो. चकती चिखलापासून उंच, चाकाच्या मध्याजवळ असते आणि भिजली तरी लवकर कोरडी होते. ज्या मुलखांत वर्षास ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथें हा गुण लहान नव्हे.

चकत्या १४०, १६०, १८० व २०३ मिलिमीटर व्यासाच्या मिळतात. याहून मोठ्याहि आहेत. व्यास वाढला कीं तरफ वाढते: १६० च्या जागीं १८० ची चकती घातली, तर बोटांच्या तेवढ्याच दाबानें सुमारें एक अष्टमांश जोर अधिक मिळतो, आणि धातूहि अधिक असल्यानें ती उशिरां तापते. मग सर्वांनीं सर्वांत मोठीच कां घेऊं नये? कारण चकतीचा जोर शेवटीं सायकलीच्या सांगाड्यावर व पुढच्या काट्यावर येतो, आणि करणाऱ्यानें ते अमुक व्यासापर्यंतच्याच चकतीसाठीं बनविलेले असतात. ही मर्यादा माहितीपत्रकांत दिलेली असते व ती ओलांडणें म्हणजे ब्रेक सुधारण्याच्या नादांत काटा मोडण्याची तयारी करणें होय. शिवाय ब्रेक दाबतांच सारें वजन पुढें येतें, म्हणून मोठी चकती पुढें आणि लहान मागें हीच योजना शहाणपणाची. केळशीच्या रस्त्यांवर सामान्य अंगलटीच्या स्वारास पुढें १८० व मागें १६० पुरे. पिशव्या लादून लांबच्या प्रवासास निघणाऱ्यानें अथवा भारी वजनाच्या मनुष्यानें, काट्याची मुभा असल्यास, पुढें २०३ चा विचार करावा.

व्यासापूर्वीं मात्र तुंबा पाहिला पाहिजे. दुकानांत फसगत होते ती येथेंच. एका जातीच्या तुंब्याला चकती सहा बोल्टांनीं बसते. दुसरीत तुंब्यावर दांते असतात, चकती त्यांत सरकवून वरून एक कडें आवळतात. शिमानोच्या या दुसऱ्या पद्धतीस ‘सेंटरलॉक’ म्हणतात. दांत्यांच्या तुंब्यावर जोडतुकडा घालून सहा बोल्टांची चकती बसवितां येते. उलट प्रकार साधत नाहीं असेंच समजावें. दुसरी गोष्ट पॅडची. कांहीं स्वस्त चकत्यांवर ‘फक्त रेझिन पॅड’ अशा अर्थाची सूचना इंग्रजींत कोरलेली असते. त्यांचें पोलाद मऊ असतें व धातुमिश्रित पॅड त्यांना लवकर खाऊन टाकतात. हीं अक्षरें बारीक असतात आणि बहुधा कोणी वाचत नाहीं.

बसविण्याचें काम अवघड नाहीं, पण स्वच्छतेचें आहे. खोबरेल लागलेल्या बोटाचा एक ठसाहि पॅडमध्यें जिरला तर ब्रेक किंचाळूं लागतो व धरीनासा होतो. म्हणून चकती कडेनेंच धरावी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसावी. रॉकेलनें पुसण्याची पुष्कळ कारागिरांची संवय येथें घातक आहे, कारण रॉकेल मागें तेलकट थर ठेवतें. चकतीवर फिरण्याची दिशा दाखविणारा बाण असतो, तो चाक पुढें जाण्याच्या दिशेनें यावा. सहा बोल्ट प्रथम हातानें टेकवून घ्यावे आणि नंतर एकाआड एक, समोरासमोरचे, थोडेथोडे आवळावे. एका ओळीनें आवळल्यास चकती वांकडी बसते. किती आवळावें हें कारखाना सांगतो: शिमानोच्या कागदांत प्रत्येक बोल्टास २ ते ४ न्यूटन-मीटर, स्रामच्या कागदांत ६.२. चार न्यूटन-मीटर म्हणजे दहा सेंटिमीटर लांबीच्या दांडीवर अवघा चार किलोचा भार. मनगटाचा हिसका याहून सहज जास्त होतो आणि तुंब्यांतील ॲल्युमिनियमचे आटे जातात. सेंटरलॉकच्या कड्याला मात्र ४० लागतात, म्हणजे वीस सेंटिमीटरच्या पान्यावर सुमारें वीस किलो. येथें भीतभीत आवळणें हीच चूक.

व्यास वाढविला असेल तर कॅलिपरहि तितका बाहेर सरकला पाहिजे. व्यासांत २० मिलिमीटरची वाढ म्हणजे कॅलिपर १० मिलिमीटर बाहेर, आणि त्यासाठीं योग्य मापाचा जोडतुकडा विकत मिळतो. वायसरांची चवड रचून तें काम भागविणाऱ्यानें रस्त्यावर इतरांचाहि विचार करावा. मग कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करून, ब्रेकची दांडी दाबून धरून ते पुन्हां आवळले म्हणजे चकती दोन्ही पॅडांच्या मधोमध येते. चाक काढलेलें असतां दांडी चुकूनहि दाबूं नये. पॅड एकमेकांस चिकटतात व चकती आंत शिरत नाहीं.

नवी चकती लगेच उतारावर नेणें धोक्याचें आहे. पॅडचा एक सूक्ष्म थर चकतीवर सारखा बसेपर्यंत तिला पूर्ण जोर येत नाहीं. त्यासाठीं सपाट रस्त्यावर ताशीं वीसेक किलोमीटरची गति घेऊन, पूर्ण न थांबतां, चालण्याच्या गतीपर्यंत ती वीसेक वेळां आवरावी. नंतर थोड्या अधिक गतीनें आणखी दहा वेळां. उतारावरहि ब्रेक सतत घांसत नेण्यापेक्षां वळणापूर्वीं नेटानें दाबावा व मग सोडून द्यावा, म्हणजे चकतीस निवण्यास अवधि मिळतो. खालीं पोंचल्यावर ती किती तापली आहे हें बोटानें पाहण्याचा मोह मात्र आवरावा. फिरत्या चकतीपाशीं तर बोट नेऊंच नये.

केळशीस आलेला सायकलस्वार बहुधा पुळणीवर उतरतोच, आणि तेथील वाळू व खारें पाणी हे चकतीचे दोन वेगळे शत्रु आहेत. वाळूचा कण पॅडमध्यें रुतला कीं तो दर फेऱ्यास चकतीवर ओरखडा काढतो. खारें पाणी चकतीच्या पोलादापेक्षां बोल्टांना आधीं गंजवितें. म्हणून मुक्कामावर पोंचतांच गोड्या पाण्यानें चाकें धुवावीं, पण चकती निवल्यावर. महिन्यांतून एकदां चकतीची जाडी मोजावी. बहुतेक चकत्या नव्या असतां १.८ मिलिमीटर जाड असतात आणि शिमानोच्या चकतीची मर्यादा १.५ आहे, ती बहुधा चकतीवरच कोरलेली असते. पॅड घांसतात त्या पट्ट्यावर व्हर्नियर लावावा. बाहेरच्या कडेस झिजेनें ओठ आला असेल, तर माप त्याच्या आंत घ्यावें, नाहींतर पातळ झालेली चकतीहि जाड भासते.